मकरानच्या लाटेआधी शेजाऱ्यांची टाइड गेज बोलती हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारी देशांच्या सहकार्याची चर्चा आपल्याकडे शिखर परिषदांभोवतीच फिरते. सार्कची शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली, २०१६ ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली, आणि तेव्हापासून 'आता या भागात सहकार्य उरलेलेच नाही' हे वाक्य सगळ्यांना पाठ झाले आहे. अरबी समुद्रापुरते ते खरे नाही. तिथे भारत, पाकिस्तान, इराण आणि ओमान यांची यंत्रणा एकमेकांशी रोज बोलते. पण त्या बोलण्यात काही ठिकाणी खंड आहे आणि त्यातला सर्वांत धोक्याचा खंड मुंबई-कोकणाच्या वाट्याला येतो. मकरानच्या किनाऱ्याकडून येऊ शकणारी त्सुनामी आणि तिची सूचना देणारी बंदरांतली पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे, म्हणजे टाइड गेज, तेवढ्याच विषयावर हे पत्र आहे.

इराणच्या जास्क-चाबहारपासून पाकिस्तानातल्या ग्वादर, पस्नी, ओर्मारापर्यंतचा किनारा म्हणजे मकरान. सुमारे ९०० किलोमीटरच्या या पट्ट्यात अरबी भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाखाली वर्षाला दोन ते चार सेंटिमीटर सरकतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास पस्नीसमोर समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. कराचीत पहिली लाट साडेपाचला आली. सर्वांत मोठी मात्र सव्वाआठची, चौथी. मुंबईतही पाणी सव्वाआठच्याच सुमारास चढले. वर्सोवा, जुहू, दांडा, हाजी अली या भागांत सुमारे दोन मीटरची लाट आल्याच्या आणि पंधराएक माणसे वाहून गेल्याच्या नोंदी आहेत.

भूकंप ते मुंबईची लाट यांत पावणेपाच तास गेले. याचे कारण समुद्राच्या खोलीत आहे. त्सुनामीचा वेग फक्त खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ६०० किलोमीटरने धावते, सत्तर मीटर पाण्यात तिचा वेग ताशी नव्वदच्या आसपास येतो. मुंबईसमोरचा उथळ समुद्र, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात भूखंडमंच म्हणतात, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. तो ओलांडायलाच लाटेला तीन तासांहून अधिक लागतात. पस्नीला हाताशी मिनिटे असतात, मस्कतला तासाच्या आत काय ते ठरवावे लागते आणि मुंबईला चार-साडेचार तास मिळतात. सरळ सांगायचे तर ग्वादर, चाबहार आणि मस्कतच्या बंदरांत पहिल्या तासात समुद्र किती हलला, हे कळणे म्हणजे मुंबईला मिळालेली सर्वांत भरवशाची आगाऊ सूचना. ती सूचना शेजाऱ्याच्या धक्क्यावर बसवलेल्या यंत्रातून यायची आहे.

उलट दिशेने काय जाते, तेही सांगायला हवे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सुमारे दोन लाख तीस हजार माणसे गेली. त्यानंतर युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागर आयोगाखाली हिंदी महासागरासाठी इशारा यंत्रणा उभी राहिली. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या केंद्रीय संस्थेतले त्सुनामी केंद्र ऑक्टोबर २००७ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०११ पासून ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि भारत हे तिघे सगळ्या महासागराला माहिती पुरवतात. समुद्रात ६.५ किंवा त्याहून मोठा भूकंप झाला की हैदराबादहून साधारण दहा मिनिटांत पहिली पत्रिका, म्हणजे बुलेटिन, निघते आणि ती कराचीलाही जाते, मस्कतलाही. तिच्यात 'धोक्याची माहिती' असते. 'इशारा' मात्र ज्या त्या देशाचे केंद्रच देते. पाकिस्तानच्या नागरिकांना किनारा सोडा असे हैदराबाद सांगत नाही, ते कराचीचे केंद्र सांगते. ही वाटणी फार शहाणपणाने केलेली आहे. सार्वभौमत्वाचा प्रश्न पहिल्याच पानावर मिटल्यामुळे संबंध कितीही बिघडले तरी पत्रिका थांबवायला कुणाला कारण मिळत नाही.

चक्रीवादळांचेही तसेच. दिल्लीच्या प्रादेशिक केंद्राचे अंदाज तेरा देशांना जातात आणि वादळांच्या नावांच्या यादीत भारताइतकाच पाकिस्तान, इराण, ओमानचा वाटा असतो. जून २०२३ मध्ये 'बिपरजॉय' जखाऊजवळ धडकले तेव्हा गुजरातने लाखभर माणसे हलवली आणि सिंधनेही हजारोंना किनाऱ्यावरून मागे नेले. दोन्हीकडे जीवितहानी अगदी थोडी झाली.

मग अडते कुठे? वादळ चार दिवस उपग्रहाला दिसत राहते. त्सुनामी दिसत नाही. तिचा अंदाज आधी भूकंपावरून बांधावा लागतो आणि पहिल्या दहा मिनिटांतला आकडा मोठ्या भूकंपाला बऱ्याचदा लहान दाखवतो. २००४ मध्ये पहिल्या पत्रिकेत तीव्रता ८ होती, तासाभराने ती ८.५ झाली आणि शेवटी ९ च्या वर गेली. भूकंप जितका मोठा, तितका तो मोजायला वेळ लागतो. तो वेळ कमी करायचा तर जवळच्या भूकंपमापकांची नोंद क्षणाक्षणाला मिळायला हवी, आणि जवळची म्हणजे इराण, पाकिस्तान व ओमानची.

दुसरे कारण अधिक वाईट आहे. मकरानसमोर समुद्रतळावर कित्येक किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. भूकंपाने तो उतारावरून घसरला तर त्या घसरणीचीच वेगळी लाट उठते आणि भूकंपमापकाला तिचा पत्ता लागत नाही. २४ सप्टेंबर २०१३ चा अवारानचा ७.७ तीव्रतेचा भूकंप किनाऱ्यापासून बराच आत, जमिनीवर झाला. नियमावलीप्रमाणे त्सुनामीचा प्रश्नच नव्हता. तरी ओमानच्या कुरय्यात बंदरात सुमारे मीटरभराची लाट नोंदली गेली. १९४५ च्या उशिरा आलेल्या मोठ्या लाटांमागेही अशी घसरण असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अशा लाटेला भूकंपावर चालणारे संगणकी प्रारूप पकडू शकत नाही. ती फक्त पाण्यात बसवलेल्या यंत्राला कळते.

अशी यंत्रे दोन प्रकारची. एक खोल समुद्रातले. तळाशी दाबमापक, वर तरंगती बोय. तळाचा मापक तीन हजार मीटर पाण्याखालूनही पातळीतला एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक ओळखतो, ध्वनिलहरींनी वर बोयीला कळवतो आणि बोय उपग्रहाला. एरवी तो पंधरा मिनिटांचे आकडे देतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा पातळी हलली की आपोआप मिनिटामिनिटाचे देऊ लागतो. यंत्र उत्तम, पण बोयीखाली सावली आणि शेवाळ असल्यामुळे मासळी जमते, आणि मासळीमागून गळाच्या व वाहत्या जाळ्यांच्या बोटी येतात. खलाशी बोयीला दोर बांधून रात्र काढतात. त्यात अँटेना वाकतो, सौरपट्टी फुटते, नांगराचा दोर तुटून बोय वाहत जाते. दुरुस्तीला जहाज न्यावे लागते आणि जून ते सप्टेंबर ते जाऊ शकत नाही. ही तोडफोड वैरापोटी होत नाही, आणि ती कुठल्या एका देशाचे खलाशी करतात असेही नाही. त्यावरचा उपाय स्वस्त आहे: बोयीपासून किती अंतरावर राहायचे, दोर का बांधायचा नाही, वाहती बोय दिसली तर कुणाला कळवायचे, हे सांगणारे एकच चित्रपत्रक मराठी, गुजराती, सिंधी, बलुची, फारसी आणि अरबीत काढावे आणि ते डिझेलच्या पंपावर, बर्फ कारखान्यात, मच्छीमार सोसायटीत लावावे. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सरकारी कार्यालयात क्वचितच जातो, बर्फ घ्यायला मात्र दर फेरीला जातो.

दुसरे यंत्र म्हणजे बंदरातले टाइड गेज. आमच्या मते खरी मेख इथे आहे. भरती-ओहोटीसाठी बसवलेले जुने गेज पंधरा मिनिटांनी किंवा तासाने नोंद घेते. जहाजे लावायला तेवढे पुरते. त्सुनामीची एक लाट दहा ते चाळीस मिनिटांची. पंधरा मिनिटांच्या नोंदीत तिचा माथा दोन आकड्यांच्या मधून निसटून जातो. नोंद मिनिटाची हवी आणि ती पाच-सहा मिनिटांत उपग्रहामार्गे बाहेर पडायला हवी. जुन्या पद्धतीत तरंगता गोळा एका उभ्या पाइपात असतो आणि वाऱ्याच्या लाटांचा त्रास नको म्हणून पाइपाच्या तळाशी लहान छिद्र ठेवलेले असते. ते गाळाने किंवा शंखशिंपल्यांनी अर्धे बुजले की पाइपातले पाणी आळशासारखे वर-खाली होते. बाहेर मीटरभर लाट येऊन गेली तरी आत वीतभरच दिसते. यंत्र चालू आहे, आकडे येत आहेत, आणि ते चूक आहेत. बंद यंत्रापेक्षा हे घातक. म्हणून एकाच धक्क्यावर तीन तऱ्हेची मापके लावतात: वरून रडार, पाण्यात दाबमापक आणि पाइपातला गोळा. तिघांचे जुळले नाही तर कोण बिघडले ते कळते.

ही नोंद अनेक देश स्वेच्छेने जगापुढे ठेवतात. बेल्जियममधल्या ओस्टेंडहून चालणाऱ्या एका संकेतस्थळावर ती कुणालाही पाहता येते. पण 'स्वेच्छेने' याचा अर्थ बॅटरी संपली, धक्क्याचे काम निघाले किंवा वरून कुणी 'सध्या देऊ नका' म्हटले की रेघ सपाट होते आणि ती परत कधी हलेल याला मुदत नसते. हिंदी महासागराच्या इशारा यंत्रणेच्या वायव्य कार्यगटात भारत, पाकिस्तान, इराण, ओमान एकत्र बसतात. त्या गटाने ठराविक गेजांची नावानिशी यादी करून ती 'अखंड' म्हणून जाहीर करावी: मकरान आणि ओमानच्या किनाऱ्यावरची पाच-सहा, आपल्याकडची ओखा, वेरावळ आणि मुंबई. प्रत्येक गेज किती दिवसांत दुरुस्त व्हायला हवे याची मुदत, एक सुटा संच जागेवर, आणि महिन्याला किती टक्के नोंद पोहोचली याचा आकडा सगळ्यांना उघड. आपल्या गेजांचाही.

यावर सुरक्षा यंत्रणांचा आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. किनाऱ्यालगतच्या समुद्रतळाचे बारीक नकाशे पाणबुडीवाल्यांना आणि उतरू पाहणाऱ्यांना उपयोगी पडतात. ते कुठलेही नौदल शेजाऱ्याला देणार नाही. २६/११ चे हल्लेखोर ताब्यात घेतलेल्या मासेमारी बोटीतून मुंबईपर्यंत आले, हे विसरून कुणी बोलू नये. पण त्सुनामीसाठी नकाशे द्यावेच लागत नाहीत. खोल समुद्राची माहिती उघडच आहे. किनाऱ्याजवळचे गणित प्रत्येक देशाने आपल्या नकाशावर आपल्या घरी करावे आणि बाहेर फक्त उत्तर द्यावे: अमुक ठिकाणी, अमुक वेळी, इतके मीटर. पाण्याच्या पातळीची मिनिटाची नोंद तर गुपित म्हणून ठेवण्यासारखी नाहीच. बंदरात उभे असलेले कुठलेही परदेशी मालवाहू जहाज ती स्वतः घेऊ शकते.

भारत आणि पाकिस्तानमध्ये अशी न तुटणारी देवाणघेवाण होऊ शकते, याचा दाखला आहे. अणुप्रकल्पांच्या याद्या १९८८ च्या करारानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला बदलल्या जातात. कैदी आणि मच्छीमारांच्या याद्या १ जानेवारी आणि १ जुलैला. तारीख ठरलेली, कागद ठरलेला, त्यामुळे 'द्यायचे की नाही' हा प्रश्न दरवेळी नव्याने पुढे येत नाही. उलट उदाहरण ऑगस्ट २०२५ चे. सिंधू जल करार स्थगित असल्यामुळे तवी नदीच्या पुराची सूचना भारताने जल आयुक्तांऐवजी इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयामार्फत दिली. सूचना दिली हे चांगलेच केले. नदीच्या पुराला ती वाट कशीबशी पुरते. त्सुनामीत दूतावासातला माणूस फोन उचलेपर्यंत पस्नी आणि चाबहारचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल.

इशारा यंत्रणेत वर्षातून दोनदा संपर्क चाचणी होते. हैदराबादहून नकली पत्रिका सुटते आणि प्रत्येक देशाने ती किती वाजता, कुठल्या मार्गाने मिळाली ते कळवायचे असते. असल्या चाचणीत सापडणाऱ्या चुका ऐकायला क्षुल्लक वाटतात: बदली झालेल्या अधिकाऱ्याचा क्रमांक, कागद संपलेले फॅक्स यंत्र, भरून वाहणारी ईमेल पेटी. आणि घड्याळ! भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, पाकिस्तान पाच, ओमान चार, इराण साडेतीन. पत्रिका जागतिक वेळेत असते. रात्रपाळीतला माणूस ती घाईत बदलतो आणि अर्ध्या तासाची चूक करतो. मध्यरात्र मध्ये आली तर तारीखही चुकते. १९४५ चा भूकंप काही यादीत २७ नोव्हेंबरला सापडतो तो त्यामुळेच. पत्रिकेच्या माथ्यावर चारही देशांची स्थानिक वेळ छापून येणे, ही मागणी करायला परिषद लागत नाही.

आता सीमेवरच्या बोटींचे. सर क्रीकच्या तोंडाशी दोन्ही देशांच्या होड्या शेकड्याने असतात, आणि गुजरातच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. सागरी रेषा पाण्यावर दिसत नाही; एरवीही ओलांडली जाते आणि मग माणसे वर्षानुवर्षे कराचीच्या तुरुंगात राहतात. इशाऱ्याच्या काळात किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्याकडे पळणारी बोट रेषेचा विचार करणार नाही, करूही नये. भारताचे तटरक्षक दल आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था यांच्यात २००५ चा सामंजस्य करार आहे आणि दोन्हीकडची शोध-बचाव केंद्रे गरज पडली की बोलतात. डिसेंबर २०२४ मध्ये पाकिस्तानच्या शोधक्षेत्रात बुडालेल्या 'अल पिरानपीर' या भारतीय गलबतावरचे बारा जण अशाच समन्वयाने वाचले. त्याच वाटेने एक छोटा नियम लिहून घ्यावा: त्सुनामीचा इशारा जारी असताना आणि तो उठल्यानंतर चोवीस तास, रेषा ओलांडलेली मासेमारी बोट अडवायची नाही, पाणी-डिझेल देऊन परत वळवायची. संशय असेल तर तपासणी जागेवरच करावी.

एवढे सगळे झाले तरी शेवटचे काम आपल्या हद्दीतले आहे, आणि तिथे दोष शेजाऱ्यावर ढकलता येणार नाही. मकरानच्या लाटेत कोकणाला वेळ भरपूर मिळतो. धोका तो वेळ वाया घालवण्यात आहे. पत्रिका हैदराबादहून मंत्रालयाच्या नियंत्रण कक्षात, तिथून जिल्ह्याला, तहसीलला, तलाठी-पोलीस पाटलाला आणि मग सोसायटीला. प्रत्येक पायरीवर कुणीतरी 'वरून खात्री करून घेतो'. पहिली लाट लहान आली की लोक पुळणीवर बघायला उतरतात आणि चौथी मोठी असते. समुद्र आधी मागे हटतोच असेही नाही. कधी आधी चढतो. शिवाय मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी पाच मीटरच्या जवळ जाते: दोन मीटरची लाट ओहोटीला आली तर खडकांवरच विरेल, तीच भरतीच्या माथ्यावर आली तर वस्तीत शिरेल. इशाऱ्यात लाटेच्या उंचीशेजारी त्या वेळची भरती लिहिलेली नसेल तर आकडा अर्धाच आहे.

बोटींना कोणता सल्ला द्यायचा, हाही प्रश्न बाहेरच्या पुस्तिका उतरवून सुटत नाही. पॅसिफिक किनाऱ्यांवर 'शंभर वाव पाण्यात जा' असे सांगतात. शंभर वाव म्हणजे सुमारे १८० मीटर. मुंबईहून तेवढी खोली गाठायला आठ नॉटच्या ट्रॉलरला वीसेक तास लागतील. तोपर्यंत लाट येऊन गेलेली असेल. इथे नियम उलटा हवा: जे बाहेर आहेत त्यांनी बाहेरच थांबावे, वायरलेसवर सोळा नंबरचा चॅनेल चालू ठेवावा, खाडीच्या तोंडाशी येऊ नये. जे बंदरात आहेत त्यांनी होडी दुहेरी दोराने बांधून ठेवावी, तिच्यावरून उतरावे आणि पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, सड्यावर (उंच माळावर) जावे. खाडीच्या अरुंद तोंडात लाटेच्या उंचीपेक्षा ओढ जास्त वाईट असते आणि ती दहा-बारा तास टिकू शकते. कुठल्या बंदरातून किती वेळात किती वाव गाठता येतात, याची तक्त्यावर मांडणी मेरीटाइम बोर्ड आणि मत्स्यव्यवसाय खात्याने बंदरागणिक करावी.

ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही ही दोन गावे ऑगस्ट २०२० मध्ये युनेस्कोच्या 'सुनामी रेडी' कसोटीला उतरली, नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी चोवीस; सगळी ओडिशाचीच. कसोटीचे बारा मुद्दे अवघड नाहीत: पाणी कुठवर येईल याचा नकाशा, वाटेचे फलक, चोवीस तास सूचना मिळवण्याचे आणि पोहोचवण्याचे एकाहून अधिक मार्ग, वर्षाला तीन जनजागृती कार्यक्रम, दोन वर्षांतून निदान एक कवायत. हर्णै, गुहागर, रेवदंडा, वर्सोवा येथे समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या पट्टीवर वस्ती आहे. सुरुवात तिथूनच करावी. २६/११ नंतर उभारलेली सागरी पोलीस ठाणी, जेट्टीवरचे रक्षक आणि त्यांची वायरलेस यंत्रणा या कामाला आयती मिळू शकते.

हिंदी महासागरात दर दोन-तीन वर्षांनी 'आयओवेव्ह' ही सामूहिक कवायत होते आणि तिच्यात मकरानचा प्रसंग घेतला जातो. महाराष्ट्राने त्यात मंत्रालयातल्या कक्षापुरता भाग न घेता निदान चार बंदरांवर माणसे खरोखर हलवावीत आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या चार घटनांची वेळ टिपावी: हैदराबादची पत्रिका सुटली ती, जिल्ह्याला मिळाली ती, बंदरावर भोंगा वाजला ती, आणि वाडीतला शेवटचा माणूस सड्यावर पोहोचला ती. त्याच दिवशी ग्वादर, चाबहार आणि मस्कतच्या गेजांची मिनिटाची नोंद हैदराबादला किती वेळाने आली, तो पाचवा आकडा हैदराबादच्या केंद्राने त्याच तक्त्यात भरावा आणि तक्ता जसाच्या तसा प्रसिद्ध करावा.

आपले,
किनारी आपत्ती-पूर्वतयारीच्या क्षेत्रातील काही तांत्रिक कार्यकर्ते, रत्नागिरी